लमार पाट्या रोवतो

माझा नवरा लमार टिडवेल वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला तसं वाटेल. दारू पीत नाही, हात उगारत नाही, रविवारी चर्च चुकवत नाही. कुणाच्या छपरावर झाड पडलं तर करवत घेऊन पहिला हाच पोचतो. पण आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला नवा मुख्य कोच मिळाला, की या माणसाचं डोकं बंद पडतं. गेल्या डिसेंबरात ते बंद पडलं आणि तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोललेली नाही.

आमच्या टॅलोवा गावात कॉलेज आहे म्हणून गाव आहे. स्टेडियममध्ये गावापेक्षा दुप्पट माणसं मावतात. पानगळीच्या दिवसांत शनिवारी इथे कुणी लग्न ठेवत नाही. लमारच्या आईला आम्ही रविवारी पुरलं, कारण शनिवारी सामना घरच्या मैदानावर होता. आणि कबरीच्या कडेला उभे राहून तिचे तिघे मुलगे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाच्या मुख्य चेंडूफेक्याच्या, गुडघ्याची काळजी करत होते. पाद्रीबुवांनी डोळे मिटून घेतले होते, पण कान त्यांचेही तिकडेच होते.

लमारने जन्मभर कौंटीच्या रस्ते खात्यात पाट्या रोवल्या. पुढे वळण आहे, पूल अरुंद आहे, थांबा. त्याने रोवलेल्या खांबाला ट्रक धडकला तर ट्रकचं नुकसान होतं, हे तो पाहुण्यांना जेवताना सांगतो. निवृत्त झाल्यावर घरांच्या दलालांनी त्याला धरलं. गावात कुणाचं घर विकायला निघालं, की अंगणात 'विकणे आहे'ची पाटी लमार रोवतो.

कोच आले आणि गेले. एक पोरांबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करायचा, एक नुसता शिव्या द्यायचा, एक मोठ्या शहरातून आला होता, एक शेतावर वाढला होता. प्रत्येकाच्या वेळी लमार खुर्चीतून उठून म्हणाला, "नेल्डा, हाच तो!" मग दोन-तीन हंगाम गेले की तोच माणूस बिनडोक, आळशी, विकला गेलेला. मागचा कोच रँडल आला तेव्हा तर याने कुत्र्याचं नाव रँडल ठेवलं. रँडल हरायला लागल्यावर कुत्र्याला नुसतं 'ए' म्हणू लागला. कुत्र्याने काय घोडं मारलं होतं?

आणि या रँडलच्याच हाताखाली आमचा जावई होता. कोल्बी. सगळ्यात पुढे उभी राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवणारी जी धिप्पाड पोरं असतात, त्यांना तो शिकवायचा. आमच्या लेकीने, लिंडीने, त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा लमारला आकाश ठेंगणं झालं. आपली अर्धी बाग तोडून त्याने त्यांना घर बांधायला दिली. माझ्या मोरीच्या खिडकीतून लिंडीचं स्वयंपाकघर दिसतं. मक्याचा पाव ओव्हनमधून काढला, की नात मेबल अनवाणी पळत येते, कारण कडेचा करकरीत तुकडा तिचा असतो. म्हातारपणी याहून जास्त मला काही नको होतं.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही ब्रॅशर कॉलेजकडून हरलो. त्या ब्रॅशरकडून, ज्यांना आम्ही नुसता सराव म्हणून बोलावत होतो. दुसऱ्या दिवशी रँडल कुटुंब चर्चमध्ये असताना लमार, जन्मात पहिल्यांदा चर्च चुकवून, त्यांच्या अंगणात गेला आणि 'विकणे आहे'ची पाटी रोवून आला. अशा पाट्या इकडे लोक रोवतातच. हरणाऱ्या कोचला चालता हो म्हणायची ती रीत आहे. पण बाकीच्यांच्या पाट्या तारेवर डुलणाऱ्या, सकाळी उचलून फेकता येणाऱ्या. लमारच्या पाटीला खांब होता. वर त्याने दुपारी रेडिओवर फोन लावला. "टॅलोवाहून लमार बोलतोय. ती पाटी माझी."

लिंडी ते ऐकून ओल्या केसांनीच आली.

"पप्पा, पाटी तुमची?"

"मग! इतकी सरळ दुसरा कोण रोवणार?"

"रँडलची मुलगी उद्या शाळेत जायला तयार नाहीये, पप्पा."

"तीन यार्ड पुढे सरकायचं होतं फक्त! तीन! आणि त्याने लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकला. त्याचं काय?"

"मुख्य कोच गेला की त्याच्यामागे त्याचे सगळे जातात. नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो. हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हाला?"

"कोल्बीचं वेगळं आहे. कोल्बीची पोरं झकास खेळतायत. त्याला काढायला कोण इतका गाढव असेल?"

लिंडी टेबलाला धरून उभी होती. "तुम्ही रँडलच्या नावानं बोंबलता ना, ते माझ्या दारात उभं राहून बोंबलता. माझं घर आहे त्यात."

लमार हसला. खरंच हसला, आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "अगं वेडे, चांगला माणूस आला की कोल्बीला बढती देईल. बघ तू."

मी भांडी विसळत होते. म्हटलं, "लमार, जा आणि ती पाटी उपटून आण."

"काँक्रीट घातलंय," तो म्हणाला. असा छाती फुगवून, की हातातलं भांडं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

हंगाम संपला आणि रँडलला काढलं. करार अजून बाकी होता म्हणून घरी बसण्याबद्दल त्याला एवढा पैसा मिळाला की त्याचे नातू बसून खातील. त्याच्या हाताखालच्यांना सांगितलं, नवा कोच ठरेपर्यंत काम चालू ठेवा. म्हणजे कोल्बी रोज जात होता, पोरांना पळवत होता, पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांच्या आयांना फोन करून सांगत होता की तुमचा लेक आमच्याकडे सुखात राहील. स्वतः कुठे राहणार हे त्याला माहीत नव्हतं. लिंडीने त्या नाताळात सजावटीलासुद्धा भिंतीवर एकही खिळा ठोकला नाही.

आणि गाव? गावात लग्नघरासारखी धांदल. केस कापणाऱ्याने खिडकीत संघाचा पिवळा झेंडा लावला. पाद्रीबुवांनी नव्या कोचसाठी प्रार्थना केली, तो कोण हे ठरायच्या आत. नवा कोच कुठून येतोय ते ओळखायला लमार नाश्त्याला फोन हातात घेऊन कुठून कुठलं विमान उडालं ते बघत बसायचा. "नेल्डा, ओक्लाहोमाहून एक छोटं विमान निघालंय! आपल्याच दिशेनं!" अंडी गार होऊन जायची. माझ्या डोक्यात सारखं एकच: त्या विमानात जो कोणी बसलाय, त्याच्या एका शब्दावर माझी पोर इथे राहणार की जाणार हे ठरणार आहे. आणि माझा नवरा टाळ्या वाजवतोय.

शेवटी स्ट्रिकलंड नावाचा कोच ठरला. आमच्या इवल्याशा धावपट्टीवर त्याला घ्यायला अर्धा गाव लोटला, बँडसकट. लमारने स्वागताची पाटी रंगवली होती. मीही गेले. मला त्या माणसाचा चेहरा बघायचा होता.

चेहरा काय, सगळे दातच होते. गळ्यात आमच्या रंगाचा नवाकोरा टाय, घडीसुद्धा मोडली नव्हती. तो हात मिळवत मिळवत आमच्यापर्यंत आला. लमारने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "कोच, माझा जावई तुमच्याकडेच आहे. कोल्बी. पुढची फळी."

स्ट्रिकलंडने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपलं हे एक कुटुंब आहे, साहेब. कुटुंबात सगळ्यांना जागा असते." आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

लमारचे डोळे भरून आले. "ऐकलंस? सगळ्यांना म्हणाला!"

"तुझं नावसुद्धा विचारलं नाही त्याने," मी म्हटलं.

"तुला ना, कधीच कुणाचं चांगलं दिसत नाही."

गाडीत तो सगळा रस्ता बोलत होता. नऊ सामने तर सहज जिंकणार, जरा नशीब असलं तर दहा. आम्ही घरापाशी वळलो तेव्हा कोल्बी त्याच्या पायरीवर बसला होता. शेजारी पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात शिट्टी, बूट, मेबलने काढलेलं एक चित्र.

तो उठून उभा राहिला. वाढवलंय त्याला नीट, मोठ्यांसमोर बसून बोलत नाही. "सर, माझं कार्ड ऑफिसच्या दाराला लागलं नाही. लाल दिवा लागतोय. मग आतून एक मुलगी हा खोका घेऊन आली."

आणि लमार म्हणाला, मी माझ्या कानांनी ऐकलं, "मशीन बिघडलं असेल."

कोल्बीने वाकून खोका उचलला. लिंडी दारात उभी होती. तिने बापाकडे असं बघितलं की मी मान फिरवली.

तरी लमारची आशा सुटेना! उद्या फोन येईल. कोच घाईत आहे, आधी खेळाडू बघतोय. सगळं बसलं की कोल्बीला बोलावेल. त्याने स्ट्रिकलंडचं नाव छापलेला जाड सदरा आणला आणि घालून फिरू लागला, जावयासमोर. मग पेपरात आलं की पुढच्या फळीच्या पोरांना आता स्ट्रिकलंडचा सख्खा मेहुणा शिकवणार.

"घरचा माणूस म्हणजे विश्वासाचा," लमार म्हणाला.

मी मक्याच्या पावाचा अख्खा तवा मागच्या दारातून फेकला. कुत्र्याची चंगळ झाली. "घरचा माणूस!" मी ओरडले. "त्याला त्याच्या घरचा माणूस कळतो, लमार. तुला तुझ्या घरचा कळला नाही!" तो तवा उचलायला गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

वसंतात कोल्बीला नोकरी मिळाली, पार मॉन्टानात. छोटं कॉलेज, पगार निम्मा, तिथे मे महिन्यातही बर्फ पडतं म्हणे. आमच्या तोडलेल्या बागेत आता कोणीतरी परका राहायला येणार होता.

एका शनिवारी सकाळी लिंडीने गाडीच्या मागून पाटी काढली आणि आमच्या ओट्याला टेकवली. 'विकणे आहे.' दलालाची, छापील.

"पप्पा, दलाल म्हणाला, त्यांच्या पाट्या तुम्हीच रोवता."

लमार त्या सदऱ्यातच होता. "थोडं थांबू या ना, लिंडी. हंगाम सुरू व्हायच्या आत स्ट्रिकलंड एखादी जागा…"

"रोवा."

त्याने खड्डा घ्यायचं अवजार आणलं. माती मऊ होती, खड्डा लवकर खोल गेला. खांब उभा करून त्याने चारी बाजूंनी सरळ आहे का बघितलं. सवय जात नाही.

"काँक्रीट?" लिंडीने विचारलं.

"याला कशाला, दोन-तीन महिन्यांत काढायचीच असते…"

"रँडलला घातलं होतंत. मला कमी का?"

तो गुडघ्यांवर बसून पिशवी फोडायला लागला. निम्मी पूड गवतावर सांडली. मी मदत केली नाही. मेबल माझ्या बाजूला उभी होती, तिलाही मी जाऊ दिलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावर वेंडेलची गाडी हळू झाली. वेंडेल लमारचा स्टेडियममधला शेजारी, बाकावर मांडीला मांडी लावून ओरडणारा. त्याने काच खाली केली, लमारला बघितलं, पाटी बघितली आणि हॉर्न दाबून धरला.

"अरे लमार! आत्तापासूनच? तो बिचारा स्ट्रिकलंड अजून एक सामना तरी हरलाय का?" तो हसत सुटला. "आणि पत्ता चुकलास की लेका! कोचचं घर तिकडे!"

लिंडीने आत जाऊन दार लावून घेतलं. लमार गुडघ्यांवरच होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे.

"ही खरी आहे, वेंडेल," तो म्हणाला आणि पाणी आणायला उठला.