मामा गप्प झाला अन् मी राण्या टाकल्या

मंडळी, पोकरमध्ये हातात दोन राण्या असताना कोणी डाव सोडून पत्ते टाकते का? मी आज टाकले.

पांढरकवड्याले मामाच्या शेतात घरचीच स्पर्धा होती. पैशाऐवजी तुरीचे दाणे. पहिला बाद होईल त्यानं सगळ्यांचे रोडगे भाजायचे.

मामानं सगळे दाणे पुढे लोटले. मी खेळलो अन् हरलो, तर बाद!

मामा बैलांचा व्यापारी. बैल मरतुकडा असला की त्याची तारीफ थांबत नाही. जोडी खरंच चांगली असली की गुपचूप तंबाखू चोळते.

आत्ताही तंबाखूच चोळून राह्यला होता.

"टाकतं कायले?" भाऊ ओरडला. तरी टाकले.

मामानं पत्ते दाखवले. दोन एक्के! जीव भांड्यात पडला, बाप्पा.

मामा म्हणे, "लेका, तुले बैलबाजारात नेलं, थेच माह्यं चुकलं."