लाल मोटारीची जीप

माझा धाकटा भाऊ शारजाहून पहिल्या सुट्टीला आला तेव्हा प्रत्येकासाठी काही ना काही घेऊन आला. मला नायलॉनची साडी आणि नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली, सासूबाईंना मोठाल्या गुलाबांचं ब्लँकेट, सासऱ्यांना हातभर लांब टॉर्च. माझ्या नवऱ्यासाठी एक खोकं होतं. त्यावर लालभडक, बसकी, दोन दारांची मोटार छापलेली.

आमच्या ह्यांनी खोकं उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत मोटार नव्हतीच. तुरीच्या फांदीला शेंगा लागाव्यात तसे प्लॅस्टिकच्या काड्यांना बारीक बारीक तुकडे लागलेले होते.

"तुझ्या भावाला कुणीतरी मोडकी गाडी दिलीय," हे मला म्हणाले.

"मोडकी न्हाई दाजी, जोडायची असती," भाऊ म्हणाला. "तिकडं मोठमोठी माणसं जोडत बसत्यात."

मोठमोठी माणसं म्हटल्यावर ह्यांनी खोकं जवळ ओढलं.

हे बीदरला एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. पूल, मोऱ्या, नाल्यावरचे बंधारे. नकाशे फार सुबक असायचे; ते मंजुरीसाठी बंगळूरला जायचे आणि तिकडंच रमायचे. आपण काढलेलं काही प्रत्यक्षात उभं राहिलेलं ह्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. त्यामुळं खोक्यातला सूचनांचा कागद ह्यांनी पाटावर पसरला तो एखाद्या धरणाचा आराखडा असावा तसा. अक्षरं जपानी होती, पण चित्रांना आकडे होते. "भाषेचं काही अडत न्हाई," हे म्हणाले. "नकाशाला भाषा नसती."

पंधरा दिवसांत वीतभर लांबीची लाल मोटार तयार झाली. खोक्यातली गोंदाची नळी निम्म्यावर वाळून गेली, म्हणून मागचे दिवे सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवले. ते जरा डोळे आल्यासारखे दिसत होते. तरी ह्यांनी गाडी दिवाणावर ठेवली आणि सासऱ्यांचं लक्ष जाईल अशा बेतानं बाजूला उभे राहिले.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याच सुमारास मामा सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून लागले होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे बीदरला राहायला आले. औराद तालुक्यातल्या चिंताकीला थोडी जमीन होती, पेरणीला आणि काढणीला तिकडं जायचे. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात घड्याळाच्या ठोक्यासारखं वाजायचं : "सत्तावीस वर्सं गाडी चालवली, एक ओरखडा न्हाई." आणि ह्या माणसाच्या मुलाला सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं. मामांनी शिकवायचा प्रयत्न केला होता म्हणे. दुसऱ्याच दिवशी दोघांनी तो सोडला. तेव्हापासून बापलेक एका खोलीत असले तरी माझ्यामार्फत बोलायचे.

मामांनी गाडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"त्याला म्हणावं," ते मला म्हणाले, "स्टेरिंग डाव्या अंगाला हाय. ही गाडी आपल्याकडं चालत न्हाई."

"त्यांना सांग," हे म्हणाले, "बाहेरच्या देशात तसंच असतं."

"मग ही बीदरला काय करायलीय?"

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना हे ब्लेडचं पाकीट घेऊन आले. मेणबत्तीवर ब्लेड तापवून डाव्या बाजूचं स्टेअरिंग कापलं, उजवीकडे बसवलं. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "चांगली गाडी व्हती, नासली."

मला वाटलं, झालं एवढ्यावर. पण मामांनी पुन्हा गाडी पाहिली.

"पोट खाली हाय हिचं. चिंताकीच्या वाटंनं गेली तर घासंल."

म्हणून बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे घालून चाकं वर उचलली. उचलल्यावर ती टाचा उंच करून चिखल ओलांडणाऱ्या बाईसारखी दिसायला लागली. मग मामा म्हणाले, एवढ्या उंच गाडीला हे बसकं टप शोभत न्हाई. टप कापलं. टप गेल्यावर ऊन लागणार, म्हणून मामांच्या जुन्या खाकी पँटीच्या खिशाचं कापड घेऊन ताडपत्री शिवायचं ठरलं. शिवायची कुणी? मी. त्या ताडपत्रीचे खांब माझ्या केसांच्या आकड्यांचे झाले. समोरचा बंपर सायकलच्या तारेचा, पाण्याची टाकी औषधाच्या बाटलीचं झाकण. माझ्या केसांना लावायला आकडा उरला नाही तेव्हा मी विचारलं, "आणखी काय काय लागणार आहे या लेकराला?"

"सांगतो," हे अगदी गंभीरपणे म्हणाले.

लागली ती माझी नखांची लाल बाटली. कापाकापीत गाडीचा रंग जागोजागी उडाला होता. मी बाटली अजून उघडलीसुद्धा नव्हती; कुठल्या लग्नाला लावायची याचा विचार चालला होता. ह्यांनी ती बॉनेटवर फासली आणि मिशीवर हात फिरवत बसले. घटकाभरात बॉनेट वाळत घातलेल्या मिरचीसारखं सुरकुतलं. प्लॅस्टिकच विरघळलं होतं. बापलेक दोघं वाकून बघत राहिले, आजारी माणसाजवळ उभं राहावं तसे.

"आता कामून गप्प बसलाव?" मी म्हटलं. "पुढच्या वेळी पावडर पण लावा."

शेवटी हे दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे गेले. त्यानं गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "साब, ये पिलास्टिक है. इसको तेज माल नक्को लगाव. पतला हात मारो, सुकने देव, फिर मारो." त्यानं पिवळ्यात काळा मिसळून खाकी-हिरवा रंग करून दिला. सुरकुत्या कानशीनं घासून त्यावर तीन हात दिल्यावर लाल मोटार पुरती गेली आणि तिथं एक जीप उभी राहिली. अगदी जीप नव्हे. तोंड परदेशाचं आणि धड औराद तालुक्याचं. पण मामांनी ती दिवाणावरून उचलून खिडकीत नेली, उजेडात धरली आणि म्हणाले, "माझी गाडी अशीच व्हती. पर हिला चिखल पायजे. ही कुठं गेल्यावानी वाटत न्हाई."

"कुठला चिखल?" ह्यांनी विचारलं. "बीदरचा लाल का चिंताकीचा काळा?"

"काळा. जीप औराद लाईनला असायची."

"पण साहेबाला आणायला बीदरलाच यायची ना? मग वर लाल धूळ पायजे."

"खाली काळा, वर लाल," मामा म्हणाले. "बराबर बोललास."

मी पोळी लाटता लाटता थांबले. दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि माझी मधली नोकरी केव्हा गेली हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

पुढचा एक रविवार होता, दुपारची वेळ. मामांनी चिंताकीहून येताना खरंच रुमालात काळी माती बांधून आणली होती. हे ती गोंदात कालवून ब्रशनं चाकांवर लावत होते. सासूबाई भिंतीला टेकून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी या सगळ्या उद्योगाला पहिल्या दिवसापासून नावंच ठेवली होती.

"अप्पा," हे मामांना म्हणाले, "दोन-चार ओरखडे मारू का? खरी वाटंल."

मामा ताठ झाले. "माझ्या गाडीला? सत्तावीस वर्सं..."

"पोचा व्हता की," सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

ह्यांनी ब्रश खाली ठेवला. "कसला पोचा?"

"उजव्या अंगाला. म्होरच्या चाकाच्या वर. ह्यांनाच इचार."

मामांनी खोकून घसा साफ केला. मग जवळचा टॉर्च उचलला आणि भर दुपारी तो लावून बघायला लागले.

"आत्याबाई, तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मीच पाडलता."

ज्या बाईनं हे सांगितलं ती माझ्याबरोबर रिक्षात बसली की माझं मनगट घट्ट धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. बाजारापासून घरापर्यंत एकदाही डोळे उघडायची नाही. मी समजत होते, बिचारीला गाडीची भीती आहे.

मग डाळ बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. औरादला साहेब जेवून सरकारी बंगल्यात झोपायचा, आणि मामा तेवढ्या वेळात जीप घेऊन चिंताकीला घरी जेवायला यायचे. एकदा शेतात भाकरी घेऊन जाताना मामांनी त्यांना जीपमध्ये बसवलं. त्या म्हणाल्या, मला बी चालवू द्या. मामा हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणून मामांनी खरंच त्यांना पुढं बसवलं.

"पयल्या दिवशी जागची हालली न्हाई. दुसऱ्या बारीला बेडकावानी उड्या मारल्या. चौथ्या बारीला मी हिरीपत्तुर नेली आन माघारी आणली. पदर खोचून."

"आणि पोचा?"

"वळताना म्हैस आडवी आली. मी म्हशीला वाचीवलं. लिंबाचं झाड कुठं जातंय? ते तिथंच व्हतं."

आम्ही मामांकडे बघितलं. त्यांनी टॉर्च बंद केला होता. "मी आतून दगडानं ठोकून ठोकून पत्रा बाहेर काढला," ते म्हणाले. "सायबाला सांगितलं, म्हशीनं धडक मारली. तर त्यानं इचारलं, म्हशीला लागलं का? पुढं महिनाभर रोज सकाळी गाडीत बसताना म्हशीची तब्येत इचारायचा. मी बी सांगायचो, बरी हाय सायेब, आता वैरण खायलीय."

हे हसता हसता मागं पडले. मलाही हसू आवरेना. पण मला एक विचारायचं होतं.

"मग रिक्षात डोळे कामून मिटता?"

"भ्या न्हाई वाटत ग," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं चालवणं बघवत न्हाई. गिअर किती खरडीत बदलत्यात."

मग त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "त्याच्यानंतर तीनदा मागितली गाडी. न्हाई म्हणले."

"नोकरी गेली असती," मामा मला म्हणाले. "तिला म्हणावं..." आणि इथं ते अडले. मी काही निरोप पोचवणार नाही, हे माझ्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं असावं. त्यांनी मान सासूबाईंकडे वळवली. "एकदा तरी द्यायला पायजे व्हती," ते म्हणाले.

सासूबाईंनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. "व्हय," म्हणाल्या. एवढंच.

पोचा पाडायचं काम अर्थातच त्यांच्याकडे गेलं. ह्यांनी पेन्सिलीनं बारीक गोल काढून दिला, मापं घेऊन. सासूबाईंनी तो गोल पाहिलासुद्धा नाही. स्टोव्हवर चमच्याचा दांडा तापवला आणि चाकाच्या वर, त्यांना हवा तिथं, दाबला. पोचा जरा जास्तच मोठा झाला. हे कळवळले.

"एवढा मोठा होता?"

"झाड मोठं व्हतं," त्या म्हणाल्या.

मग ह्यांनी मेणबत्तीचं मेण वळून ड्रायव्हर केला. खाकी रंगवायला घेतला तर मामांनीच अडवलं. "हिरवं लुगडं व्हतं," ते हळूच म्हणाले. "काठ पिवळे." ह्यांनी ब्रश धुतला. शेजारच्या सीटवर खाकीतला दुसरा माणूस बसवला आणि मामांच्या सांगण्यावरून त्याचे दोन्ही हात हँडब्रेकवर ठेवले. मेणाच्या बाईचा पदर खोचलेला दिसावा म्हणून ह्यांनी सुईनं दोन रेघा मारल्या. मापात चुकतील म्हणून श्वास धरला होता. ते मी त्यांना अजून चिडवते, पण खरं सांगते, त्या दोन रेघा मला ह्यांच्या सगळ्या पुलांपेक्षा आवडल्या.

वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे खिरीला माणसं आली. नातेवाईक, कचेरीतले लोक, शेजारचं कानडी कुटुंब. गाडी काचेच्या कपाटात होती. कुणी कपाटापाशी जरा रेंगाळलं की मामा लगेच जवळ जायचे आणि गोष्ट सुरू करायचे. संध्याकाळपर्यंत गोष्टीतल्या जीपचा वेग चांगलाच वाढला, म्हशीच्या दोन म्हशी झाल्या, आणि "एक ओरखडा न्हाई" हे वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही.

शेजारच्या अक्कांनी सासूबाईंना विचारलं, "खरंच चालवलीत? भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली की," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांची. शेजारी बसून सारखे बिरेक, बिरेक म्हणून वरडायले. माणसानं चालवावं का ह्यांचं ऐकावं?"

सगळे मामांकडे वळले. मामा वाटी घेऊन आणखी खीर आणायला आत निघाले होते.