नसीमबीनं खोललेलं चाक

नळदुर्गला हमरस्त्यालगत, ढाब्यांच्या रांगेत मुनवर मिस्त्रीचं गॅरेज होतं. बहात्तरच्या दुष्काळात नवरा-बायको दोघांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तिथल्या रोलरच्या ड्रायव्हरकडून मुनवर पाना धरायला शिकला. पुढं काही वर्षांनी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, जीभ शाबूत राहिली. मग पाना त्याच्या बायकोनं, नसीमबीनं उचलला. मुनवर बाजेवरून सांगायचा, ती करायची. हळूहळू सांगणं कमी होत गेलं. तरी गिऱ्हाईक यायचं ते थेट बाजेशीच बोलायचं. नसीमबीला ते सलायचं.

गॅरेज चालत होतं ते दूध संस्थेच्या मोटारसायकलींवर. खेड्यापाड्यांतून दुधाचे कॅन आणणाऱ्या त्या गाड्या. त्यातल्या ज्ञानोबाच्या राजदूतचा मागचा ब्रेक छळू लागला. चाकातला ड्रम खोलला की आतल्या दोन शूंपैकी एकाचं लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारी पट्टी, रिबिटापर्यंत झिजलेलं, दुसऱ्याचं जवळजवळ कोरं. नवी जोडी घातली की महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी बोरी नदीच्या उतारावर गाडी थांबेना. ज्ञानोबानं ती बांधावर घातली. तो वाचला, दूध गेलं. संस्थेचे सचिव आबाराव बाजेपाशी येऊन सांगून गेले, की अजून एकदा असं झालं तर सगळ्या गाड्या दुरुस्तीला सोलापूरला जातील. तसं झालं असतं तर गॅरेजला कुलूपच लागलं असतं.

"नवी जोडी घाल आन् दे लावून," मुनवर म्हणाला. "ब्रेकच्या पायडलवर पाय ठिवून चालवत आसंल त्यो."

"तसं आसतं तर दोनी झिजले आसते. एकच का झिजतंय?"

ती चाक खोलून बसली. ब्रेकचा शू ज्या पिनेवर फिरतो, तिथं पिवळट, टणक थर होता. जुनं ग्रीस समजून आजवर त्याकडं कुणी लक्षच दिलं नव्हतं. नसीमबीनं रॉकेलचा बोळा फिरवला. ग्रीस असतं तर सुटलं असतं. हे हललं नाही. तिनं नखानं खरवडलं आणि हात थांबला. उतू गेलेल्या दुधाचं चुलीवरचं पातेलं तिनं जन्मभर खरवडलं होतं. चहाचं आधण ओतलं तसा थर मऊ झाला, आंबट वास सुटला.

ज्ञानोबाला तिनं कॅन भरून आणायला लावला आणि गाडीला अडकवला. गाडी हलवली की झाकणाच्या फटीतून दूध ओघळायचं, चाकाच्या मध्यावर पडायचं आणि ब्रेकच्या दांड्यालगत आत झिरपायचं. आत ते वाळून डिंकासारखं धरत होतं. एक शू जागीच चिकटायचा. सगळा भार दुसऱ्यावर.

आबारावांना हे पटलं नाही. "मिस्त्री, आता ब्रेक बी दूध प्यायला लागला का?" ते बाजेकडं बघून हसले. "तुमी स्वता बघितलं का?"

"मला नगा इचारू," मुनवर म्हणाला. "चाक तिनं खोललंय."

नसीमबीनं पिना घासून लख्ख केल्या, बोटाच्या टोकाएवढंच ग्रीस लावलं, झाकणाला नवी रबरी रिंग बसवून घेतली आणि चाकावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा केला. महिन्यानं तुमच्यासमोर खोलते, असं आबारावांना सांगितलं. तो महिनाभर गाडी रोज दारावरून जायची. खोलून बघायला तिचे हात शिवशिवायचे. तिनं पान्याला हात लावला नाही.

आबाराव आले तेव्हा बाजेकडं न जाता तिच्यासमोर उकिडवे बसले. तिनं ड्रम उघडला आणि दोन्ही शू त्यांच्या तळहातांवर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ उन्हात फिरवून पाहिले.

"ह्ये केसभर जास्त झिजलंय की."

"झिजनारच. चाक फिरतं त्या बाजूचं चाकासंगं वढलं जातं, म्हणून जरा जास्त घासतं. दोनी अगदी सारखे दिसले आसते तर काय तरी चुकलंय म्हणून मीच परत खोललं आसतं."

आबारावांनी मान हलवली. बाकीच्या गाड्या कधी लावू, असं त्यांनी तिलाच विचारलं.

"रोज एक," नसीमबी म्हणाली. "आन् कॅन धुवून लावा."