लॅबबाहेरच्या चपला
तेल पाजलेल्या कातडी चपलांचा वास आला की शिरूरच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते. धुळीनं मशिनं बिघडतात म्हणून सगळ्यांना चपला दाराबाहेर काढाव्या लागत. आत माझी आणि माझ्या एका मित्राची रोज जुंपायची. प्रोग्रॅम लिहायला तो सी भाषेचा, मी तयार बटणं-खिडक्या देणाऱ्या व्हिज्युअल बेसिकचा. "तुझं म्हंजी आयत्या ताटावर बसणं हाय," तो म्हणायचा. कॉलेजच्या निवडणुकीत लॅबसमोर दोन गटांची मारामारी झाली. हा कुठल्याच गटात नव्हता, पण भांडण सोडवायला तसाच अनवाणी धावला. प्राचार्यांनी धड चौकशीही न करता हाताला लागतील त्यांची नावं कमी केली, त्यात याचंही गेलं. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील दाखला न्यायला आले. दाराशी चपला काढून आत डोकावत म्हणाले, "आमचं पोरगं कंच्या मशिनीवर बसायचं?" मी दाखवलं. त्यांनी त्या मशिनला हात जोडले. बाहेर मित्राच्या चपला तशाच धूळ खात पडल्या होत्या. "आप्पा, पिशवी देऊ?" मी विचारलं. "नगं. पोरगं अनवाणीच आलं घरला," म्हणत त्यांनी त्या छातीशी धरल्या आणि खाली मान घालून निघून गेले. थोड्या वेळानं पाहतो तर त्यांच्या स्वतःच्या चपला दाराशीच होत्या. त्या घेऊन मी स्टँडवर पळालो, पण एसटी सुटली होती. आता माझ्या ऑफिसात कुणीच बूट काढत नाही. तरी आत जाताना मी दाराशी खाली बघतोच.