कुंपणावरचे अभ्रे

कॉफीत दूध ओतण्याआधी आर्डिस मावशी दुधाचा कॅन नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. दूध आदल्या संध्याकाळीच आणलेलं असलं तरीही. तेवढा वेळ तिच्या स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. मग ती डोळे उघडायची, दूध ओतायची आणि दिवस सुरू व्हायचा.

“एक दिवस मलाही हुंगून दाराबाहेर ठेवशील,” ऑर्व्हल काका म्हणायचे.

“केव्हाच ठेवलं असतं. शेजारची मांजरं सोकावतील म्हणून थांबलेय.”

नेब्रास्काच्या पूर्वेला, मक्याच्या शेतांमध्ये त्यांचं घर होतं. मावशी आयुष्यभर गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. दर वर्षी पानं पिवळी पडली की दोघं वायोमिंगच्या डोंगरात एल्क मारायला जायची. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एक मिळालं तर दोन माणसांचा हिवाळा निघतो, वर शेजाऱ्यांना वाटायला उरतं. मावशीने कधी बंदूक हातात धरली नाही. “मारणं त्याचं, घरी पोचवणं माझं,” ती म्हणायची. उन्हाळाभर ती दुधाचे रिकामे कॅन धुऊन, पाणी भरून तळघरातल्या फ्रीझरमध्ये गोठवायची. मांस गुंडाळायला जुने अभ्रे उकळून ठेवायची. परतीचा रस्ता दीड दिवसाचा होता, आणि तिच्या हातून वाटेत कधी काही नासलं नव्हतं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी गाडी चालवायला त्यांनी मला सोबत घेतलं. मी तिची भाची, लिनेट. काकांच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध धूर साचला होता आणि आता तो डाव्यातही उतरणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे ही शेवटची शिकार. काका ते बोलत नसत. उन्हाळाभर मागच्या अंगणात बंदूक डाव्या खांद्याला लावून उभे राहायचे, इतकंच.

एल्क पडलं तेव्हा डोंगरावर बर्फ भुरभुरत होतं. आमच्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांची जी चूक होते ती तिथेच झाली. आभाळातून बर्फ पडतंय म्हटल्यावर काकांना वाटलं, थंडीचं काम आभाळानेच केलं. मावशी तंबू आवरत होती, तोवर त्यांनी चारही पाय हाडासकट, ऊन ऊन, अभ्र्यांत घालून बर्फपेट्यांत रचले, गोठलेले कॅन भोवती लावले आणि वर ताडपत्री आवळून बांधली. त्यांना मदत नको होती. शेवटचं तरी आपल्या हातानं, असं असावं.

डोंगर उतरलो आणि ऊन पडलं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मावशीने पेटीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. मग तिने चाकू मागितला. मागच्या पायाच्या खुब्यापाशी पातं हाडापर्यंत सारलं, बाहेर काढलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

“बाहेरून गार आहे,” ती म्हणाली. “हाडापाशी अजून जिवंत आहे. हाड अंगातली ऊब धरून ठेवतं, ऑर्व्हल. तू तिला आत कोंडलंस.”

“बर्फ तर आहे भोवती.”

“बर्फ बाहेरच्यासाठी. आतल्याला वाट हवी.”

जनावर मारून त्याचं मांस कुजवायचं, याहून मोठी लाज शिकाऱ्यांत नाही. आणि ज्याला पुढची शिकार नाही त्याला ती लाज पुसायलाही जागा नाही. मावशीला ते कळत होतं. म्हणूनच ती रागावली नसावी.

थोड्याच अंतरावर माळ लागला. झाड नाही, घर नाही. करड्या झुडपांवरून वारा नुसता वाहत होता. हायवेच्या कडेला, हिवाळ्यात बर्फ अडवायला उभारलेलं उंच लाकडी कुंपण मैलोन्‌मैल गेलेलं.

“लिनेट, थांबव इथे.”

“हायवेवर?” काका म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

“लोक ताशी सत्तर मैलांनी जातायत. त्यांना म्हणायला कितीसा वेळ मिळणार?”

तिने एकेक पाय बाहेर काढून हाडाच्या कडेनं लांब चीर दिली, मांस पुस्तकासारखं उघडलं, पुन्हा अभ्र्यात घातलं आणि कुंपणाच्या सावलीकडच्या बाजूला दोरीने टांगलं. फळ्यांच्या फटींतून वारा शीळ घालत येत होता. तिच्या लग्नातले अभ्रे होते ते, कडेला निळ्या दोऱ्याची फुलं. वारा भरून ते जड जड हलायला लागले.

एक म्हातारा पशुपालक ट्रक हळू करून काच खाली करत म्हणाला, “काय बाई, धुणं वाळत घातलंय?”

“हो. नवऱ्याची पँट.”

“मोठा दिसतो नवरा.”

“खातो तसा.”

तो हसत निघून गेला. काकासुद्धा हसले, सकाळपासून पहिल्यांदा.

आम्ही गवतात बसून कोलाच, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव, खाल्ले. करण्यासारखं काहीच नव्हतं. वारा त्याचं काम करत होता. ऊन इतकं पातळ होतं की त्यातून पलीकडचं काहीतरी दिसेल असं वाटावं. ढगांच्या सावल्या माळावरून येत, आमच्या अंगावरून जात, आणि प्रत्येक वेळी थोडं गार होई. मावशी मध्येच उठून एकेका अभ्र्याला तळवा लावून यायची, तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा काका कुंपणाकडे मान थोडी वळवून, नजरेच्या कडेनं बघत बसले होते.

“कळप चाललाय,” ते हळूच म्हणाले. “पांढरा.”

“किती आहेत?” मावशीने विचारलं.

“मोजता येत नाही. थांबतच नाहीत.”

“मग जाऊ देत.” तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ आम्ही तिघंही तो कळप बघत राहिलो.

सावल्या लांबल्यावर ती चाकू घेऊन उठली. पहिला पाय, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी पातं हाडापर्यंत, मग नाक, मग मिटलेले डोळे. काका उभे राहिले होते. चौथ्या पायाच्या खुब्यापाशी ती थांबली, पुन्हा हुंगलं आणि मूठभर मांस कापून दूर झुडपांत टाकलं.

“किती गेलं?” काकांनी विचारलं.

“एखाद्या मॅगपाय पक्ष्याच्या जेवणापुरतं. बाकी ये, तूच बघ.”

तिने पातं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला.

“गवताचा वास येतोय.”

“मग गवतच खात होतं ना ते.”

पेट्या पुन्हा भरल्या. तळाशी कॅन, त्यावर पुठ्ठा, मग मांस, वर पुन्हा कॅन. पाण्यात मांस बसू नये म्हणून पेटीचं खालचं बूच उघडं ठेवलं. पाणी टपकत राहिलं, आणि रस्ताभर मागे एक ओली रेघ उमटत गेली असणार. काका रस्ताभर झोपून होते.

त्या हिवाळ्यात ते मांस गावात सात-आठ घरी गेलं. काका पुडकं हातात देताना म्हणायचे, “वाऱ्यावर गार केलेलं आहे. बायकोची पद्धत.” वसंतापर्यंत त्यांचा डावा डोळाही धुरात गेला. शेजारी भेटले की ते अजूनही शिकारीचं बोलत, पण नेम धरल्याचं नाही. माळावरच्या त्या दुपारचंच सांगत.

पुढच्या शरदात मावशी गेली, झोपेत, एका मंगळवारी. आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. एल्कचं शेवटचं पुडकं मीच शिजवलं होतं, गाजरं आणि बटाटे घालून. ती सावकाश जेवली. मी निघताना दारापर्यंत आली नाही, पाय दुखत होते. टेबलाशी बसूनच म्हणाली,

“मीठ जरा कमी पडलंय गं. आणि जायच्या आधी ऑर्व्हलला आणखी एक तुकडा वाढ. बटाटा नको, तो बटाट्यानंच पोट भरतो.”