बाई आहेस की बाप्या?

धाकट्या मालकांनी माझा रेकॉर्ड झालेला फोन स्पीकरवर लावला आणि माझाच आवाज दुकानभर घुमला. "काळजी करू नगा पावणं. माणूस उद्या पाठवतो की." काउंटरवर गिऱ्हाइकं उभी होती. मेकॅनिक हातातलं काम टाकून ऐकायला लागले. मालकांनी रेकॉर्डिंग तिथंच थांबवलं आणि मला विचारलं, "पाठवतो? तू बाई आहेस की बाप्या?"

सगळे हसले. मीही हसले. भीतीनं हसले.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, तिथं मी तक्रारीचे फोन घेते. मी जवळच्या गडमुडशिंगी गावची. आमच्याकडं आई, आज्जी, चुलत्या, सगळ्या बायका येतो, जातो, करतो असंच म्हणतात. त्यांचं बाईपण त्यानं कधी कमी झालं नाही. पण धाकटे मालक पुण्याला शिकून आलेले. त्यांनी मला काउंटरसमोर उभं करून 'पाठवते' म्हणायला लावलं. पुन्हा म्हण. अजून एकदा. मोठे मालक, म्हणजे त्यांचे वडील, गल्ल्यावर पेपर वाचत होते. त्यांचं स्वतःचं बोलणं व्हय-न्हायचंच. ते बोलले की अस्सल कोल्हापुरी. मी बोलले की गावठी.

त्या दिवसापासून फोन वाजला की मी उचलायला उशीर करायचे. तापलेलं गिऱ्हाईक मला कधी जड गेलं नव्हतं. पिकाला पाणी नाही म्हणून माणूस शिव्या देतो. त्याचं ऐकून घ्यावं, गाव विचारावं, निवतो बिचारा. आता तोंड उघडायच्या आधी मी शब्द चाचपायचे. पाठवतो की पाठवते? आजऱ्याचा एक शेतकरी ओरडला, "बाई, हाईसा का गेलासा?" मी होते. शब्द ठरत नव्हता. काचेच्या केबिनमधून धाकटे मालक बघत होते, आणि नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी आईला म्हणाले, "नंतर जेवते." 'जेवतो' तोंडातून आलंच नाही.

"कुणासंगं बोलालैस गं?" आईनं विचारलं. मला रडू फुटलं.

आज मोटार कंपनीचा साहेब दुकानात आला. त्याच्यासाठी चहा, आणि चहाबरोबर गंमत म्हणून मी. धाकट्या मालकांनी हाक मारली. "ए, ते म्हणून दाखव की. उद्या पाठवतो."

मी म्हणाले, "न्हाय."

दोघंही खो खो हसले. त्यांना वाटलं, हीच गंमत. माझा नकारसुद्धा त्यांना नक्कल वाटला. आधीच्या सगळ्या अपमानापेक्षा हे जास्त झोंबलं.

"हे म्हणून दाखवलं न्हाय," मी म्हणाले. आवाज कापत होता, पण काउंटरपर्यंत पोचला. "तुम्हास्नी सांगतो. माझ्या बोलण्याची गंमत करायची न्हाय."

हसणं थांबलं. साहेबानं कप खाली ठेवला. मोठ्या मालकांनी पेपरातून मान वर काढली आणि परत पेपरात घातली. धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये नेलं, दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की उद्यापासून यायचं का नाही याचा विचार कर.

केला विचार. भीती वाटतेच आहे, खोटं कशाला बोलू. पण उद्या मी जाणार. फोन घेणार आणि तोंडात येईल तसं बोलणार. मला काढायचं असेल तर बंद दाराआड नाही. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत सांगायचं, हिला कशासाठी काढलं. ते ऐकल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.