नेल्डा पूव्ही कॉलेजला गेली

नेल्डा पूव्ही आणि मी आमच्या टॅलबर्ट गावच्या मोज्यांच्या गिरणीत शेजारशेजारच्या मशिनांवर बसायचो. मोजा विणून यायचा तेव्हा बोटांकडे उघडा असायचा. तिथली शिवण घालायची, हे आमचं काम. तिच्या आईने जन्मभर हेच केलं, माझ्याही आईने. शाळा अर्धवट सोडून आम्ही गिरणीत लागलो तेव्हा घरात कुणी एका शब्दाने विचारलं नाही. गिरणी होती, मग शाळा कशाला?

मग गिरणी बंद झाली. काम समुद्रापलीकडे गेलं, तिकडे बाया स्वस्त मिळतात म्हणून. मॅनेजरने जेवणाच्या खोलीत उभं राहून कागद वाचून दाखवला आणि आठवण म्हणून प्रत्येकीला मोज्यांचा एक गठ्ठा दिला. नेल्डाने आपला गठ्ठा दारातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. "पाय दोनच दिलेत देवाने," ती म्हणाली, "आणि मोजे काय कमी आहेत घरात."

नोकरी अशी परदेशी गेली की सरकार दोन वर्षं शिकण्याचा खर्च द्यायचं. आमच्या कौंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कम्युनिटी कॉलेज टेकडीच्या उतारावर आहे. इमारती बसक्या, पार्किंग मात्र मोठं, कारण तिथे कुणी राहायला येत नाही. काम आटपून येतात, शिकतात आणि घरी जातात. मी गेले नाही. माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. नेल्डाला नवरा होता तो केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसला होता, मूलबाळ नव्हतं. "घरी बसून भिंतीशी काय बोलू?" म्हणाली आणि गेली.

नाव घालायच्या खिडकीवरच्या पोरीने तिला विचारलं, "मुलीचं नाव घालायचंय का, मॅडम?"

"माझं," नेल्डा म्हणाली. ती मला हे सांगताना हसली होती, पण कान लाल झाले होते.

त्या कॉलेजात आयकर्ड बाई होत्या. विद्यार्थ्यांच्या अडीअडचणी बघणं हे त्यांचं काम. उंच, हाडकुळ्या, कायम एकच करडा स्वेटर. त्यांच्या खोलीत एक कपाट होतं. त्यात सुपाचे डबे, लहान मुलांचे लंगोट, पेट्रोलची कुपनं, कुणाच्या तरी मुलाखतीसाठी ठेवलेला एक कोट. कुणाची गाडी बंद पडली, कुणाचं मूल सांभाळायला कुणी नाही, कुणाच्या घरची वीज कापली, की सगळे त्या खोलीकडे. मी कडू बोलणार आहे पुढे, म्हणून आधीच सांगते. ती बाई खोटी नव्हती. त्या कॉलेजने नेल्डाला जेवढं दिलं तेवढं आमच्या गावात तिला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

आधी तिला शाळेची राहिलेली परीक्षा द्यावी लागली. अपूर्णांकांशी गाडं अडलं. एक दिवस ती पुस्तक आयकर्ड बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "माझ्याच्यानं होत नाही. मी मठ्ठ आहे."

"गिरणीत किती वर्षं होतीस?"

"बरीच."

"मठ्ठ बाईला ठेवलं असतं त्यांनी?"

"तिथे डोकं लागत नाही, बाई. बोटं लागतात."

"मग बोटांनी कर," आयकर्ड बाई म्हणाल्या आणि तिला गणिताच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे मागे पडलेल्यांना फुकट शिकवायचे. नेल्डा संध्याकाळ-संध्याकाळ तिथे बसून राहू लागली. वर्ष संपता संपता ती पास झाली, आणि त्यानंतर जे झालं त्याने आम्ही सगळेच चकित झालो. तिला गणित आवडायला लागलं. रविवारी चर्चमधून परतताना ती मला समीकरणं समजावून सांगायची, मी नुसतं हं हं करायचे.

त्याच सुमारास बातमी आली की उत्तरेकडची एक कंपनी टॅलबर्टला येणार. हॉस्पिटलात लागणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या बनवणारी. चारशे नोकऱ्या. कौंटीने जमीन दिली, काही वर्षांचा कर माफ केला. कॉलेजने कंपनीशी बोलून खास त्यांच्यासाठी अभ्यासक्रम काढला. ती मशिनं चालवायची कशी, बिघडली तर दुरुस्त कशी करायची. लोकांच्या करातून एक नवी शाळाच उभी राहिली म्हणा, त्यात कंपनीच्या कारखान्यात असणार तशीच मशिनं. पांढरे झगे, डोक्याला टोपी, जमिनीवर धुळीचा कण नाही. आयुष्यभर सुताचा भुगा गिळलेल्या आम्हा लोकांना ते बघूनच गुदगुल्या झाल्या.

नेल्डा पहिल्याच तुकडीत गेली. आणि कॉलेजने तिचा फोटो काढला. पांढरा झगा, हातात पाना, हसरा चेहरा. हायवेवर मोठं होर्डिंग लागलं, खाली लिहिलेलं: 'मी पुन्हा सुरुवात केली. तुम्हीही करा.' असं ती कधी म्हणालीच नव्हती. पण ते खोटं आहे असंही तिला वाटलं नाही.

फोटो बघून लोक तिच्या घरी यायला लागले. खरं सांग नेल्डा, जमेल का आम्हाला? ती सगळ्यांना एकच सांगायची, "मला जमलं तर शेंबड्यालाही जमेल." मिशनरी असल्यासारखी बोलायची. आणि अशीच ती धाकट्या बहिणीच्या, ओपलच्या मागे लागली.

ओपल शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पगार बेताचा, पण नोकरी सरकारी, घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा. तिचा नवरा डॉयल ट्रकच्या गॅरेजमध्ये होता, त्याला विमा नव्हता. तो ओपलच्याच विम्यावर.

एका रविवारी नेल्डाच्या घरी आम्ही जेवायला होतो. घेवडा, मक्याचा पाव, हॅमचे तुकडे. ओपल म्हणाली, "बरं चाललंय माझं. सुखातला जीव दुःखात का घालू?"

"उकडलेले बटाटे वाढत म्हातारी होणार का?"

"बटाटे पळून जात नाहीत, नेल्डा. गिरण्या जातात."

"हा कारखाना जाणार नाही. अगं, कॉलेजचं नि कंपनीचं लिहून झालंय. दुप्पट पगार आहे."

डॉयल पावाने ताट पुसत होता. म्हणाला, "जाऊ दे तिला. माझी बायको पण होर्डिंगवर झळकू दे. मी रोज हॉर्न वाजवत जाईन."

सगळे हसले. ओपलही हसली. उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली आणि कॉलेजात नाव घातलं.

कंपनी आली. चारशेंच्या ऐवजी साठेक माणसं घेतली. मशिनं इतकी हुशार होती की माणसं लागतच नव्हती, हे कंपनीला आधीपासून ठाऊक असणार. त्यातले बहुतेक त्यांनी आपल्याबरोबर आणले होते. कॉलेजातून शिकून निघालेल्यांतले बाराजण लागले, बाकीच्यांना सांगितलं, नावं लिहून जा, कळवू. नेल्डा लागली. ओपल लागली नाही.

पहिल्याच दिवशी पाळीच्या मुकादमाने नेल्डाला बघून शेजारच्याला म्हटलं, "अरे, ही ती पोस्टरवाली." नेल्डाने ते ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या मनात काटा रुतला. आपल्याला घेतलं ते काम येतं म्हणून, की होर्डिंगवरची बाई बेकार फिरताना दिसायला नको म्हणून? काम तिला येत होतं, ते मी पैजेवर सांगते. पण ओपलही वर्गात चांगलीच होती. याचं उत्तर नेल्डाला कधीच मिळालं नाही.

ओपलने शाळेत परत विचारलं. जागा भरली होती. मग ती एका मोटेलमध्ये खोल्या आवरायला लागली. विमा नाही. डॉयलच्या छातीत दुखायचं ते त्याने हिवाळाभर अंगावर काढलं. पित्त आहे म्हणायचा, सोडा प्यायचा. डॉक्टरकडे गेलं की बिल येतं, एवढं त्याला माहीत होतं. एका सकाळी गॅरेजमध्ये ट्रकखालून तो बाहेरच आला नाही. मालकाने पाय धरून ओढलं तेव्हा संपलेला होता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. नेल्डा बहिणीजवळ गेली, तिचा हात हातात घेतला. ओपलने हात मागे घेतला नाही, तसाच मेल्यासारखा राहू दिला. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "विमा असता तर गेला असता तो डॉक्टरकडे. तू मला सोडायला लावलीस नोकरी."

"ओपल, मला खरंच वाटलं होतं..."

"माहीत आहे. म्हणून तर ऐकलं मी तुझं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसले असते."

त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. गाव मात्र बोलत होतं. किराणा दुकानात रांगेत कुणी मागून म्हणायचं, "आम्हीही करतोय हो पुन्हा सुरुवात." होर्डिंगवर कुणीतरी तिच्या चेहऱ्याला मिशा काढल्या, खाली एक शिवी लिहिली. नेल्डा कॉलेजात जाऊन म्हणाली, काढा ते. ते म्हणाले, जागेचं भाडं डिसेंबरपर्यंत भरलंय. मग ती कामावर जायला मागच्या रस्त्याने, टेकडीला वळसा घालून जाऊ लागली. मी म्हटलं, "अगं, कंपनीने फसवलं, तू नाहीस." ती म्हणाली, "कंपनीने कुणाला घरी बसवून नाही सांगितलं, आयडा. मी सांगितलं."

करमाफीची वर्षं संपली आणि कंपनीला एकाएकी टॅलबर्ट महाग वाटायला लागलं. मशिनं दक्षिणेला, सीमेपलीकडे न्यायची ठरली. ती सोडवायची कुणी? ज्यांना दुरुस्ती येते त्यांनी. नेल्डाने आपल्या हाताने एकेक मशीन खोललं, भागांवर खुणा केल्या, पेट्यांत भरलं. तिकडच्या माणसांना जोडताना अडचण येऊ नये म्हणून चित्रंही काढून दिली. मी म्हटलं, एखादा बोल्ट चुकवायचास. ती म्हणाली, "तिकडेही कुणीतरी बाईच असेल." आणि मग पाना धुऊन परत केला, तो कंपनीचा होता.

ती वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात लागली. चादरी, गाऊन, टॉवेल. आणि वर्षभराने आयकर्ड बाई तिच्या दारात उभ्या राहिल्या. थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते. कॉलेज नवा अभ्यासक्रम काढत होतं, नव्या कंपनीसाठी. या खेपेला मोठमोठी गोदामं. अध्यक्षांना नेल्डाचा फोटो पुन्हा हवा होता.

मी तिथेच होते, वाटाणे सोलत. नेल्डाने विचारलं, "बाई, तुम्ही स्वतःहून आलात, की पाठवलंय?"

"पाठवलंय."

"तुम्हाला काय वाटतं?"

आयकर्ड बाईंनी माझ्या पुढ्यातली एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाल्या, "मला वाटतं की लोकांनी शिकावं. कंपन्यांचं मला कळत नाही. आम्हाला पैसे मिळतात ते कंपनी येणार म्हटलं की मिळतात. नुसतं माणसाला शिकायचंय म्हटलं, तर कुणी देत नाही."

"मग हे लिहा होर्डिंगवर."

बाई हसल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, "फोटो राहू दे. गणिताच्या खोलीत माणूस हवंय, आठवड्यातून तीन संध्याकाळी. पगार अगदीच किरकोळ. येशील?"

ती गेली. मला नवल वाटलं, रागही आला. मी म्हटलं, त्यांच्याच दारात परत? ती म्हणाली, "त्या खोलीने मला कधी काही कबूल केलं नव्हतं."

दोन वर्षांनी तिथे टॅमरा आली, ओपलची मुलगी. नर्सिंगला प्रवेश हवा होता आणि औषधाच्या मात्रांचं गणित तिला जमत नव्हतं. मावशीला बघून ती दारातच थबकली. नेल्डाने खुर्ची पुढे सरकवली. शिकवणी संपल्यावर बघते तर बाहेर ओपल गाडीत बसलेली. नेल्डा तिच्यापर्यंत गेली.

"आत ये. कॉफी आहे."

"नको."

"पोरगी हुशार आहे."

"मला सांगतेस?" ओपल समोरच बघत होती. "गणित शिकव तिला. ते तुला येतं. पुढे काय मिळेल ते मात्र सांगू नकोस."

"नाही सांगणार."

टॅमरा येत राहिली, ओपल गाडीत बसत राहिली. पावसात, बर्फात, इंजिन चालू ठेवून. नेल्डाने पुन्हा कधी आत बोलावलं नाही आणि टॅमराला गणिताशिवाय एक अक्षर सांगितलं नाही. पोरगी पास झाली, तास-दीड तासावरच्या शहरात हॉस्पिटलात लागली आणि तिकडेच राहायला गेली. म्हणजे टॅलबर्टला काही मिळालं नाहीच, पण तिला मिळालं.

ओपलने कॉलेजात सफरचंदांचा थरांचा केक पाठवला, त्या दोघी बहिणींची आई करायची तसा. वर चिठ्ठी आयकर्ड बाईंच्या नावाची. नेल्डाचा उल्लेख नाही. बाईंनी अर्धा कापून गणिताच्या खोलीत आणून ठेवला आणि निघून गेल्या. मी त्या संध्याकाळी नेल्डाला न्यायला गेले होते, तिची गाडी दुरुस्तीला होती. तिने तुकडा तोडला, उभ्याउभ्याच खाल्ला. मग बोटं पुसत म्हणाली, "साखर जास्त झालीय," आणि दुसरा तुकडा घेतला.